‘सापडले नाही’ या उत्तराचा अर्थ : पालि पाठांतील नमुनाशोध

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. एखाद्या भिक्खूने येऊन सांगितले, की अमुक वचन मी प्रत्यक्ष भगवंतांकडून, संघाकडून, अनेक बहुश्रुत स्थविरांकडून किंवा एका बहुश्रुत स्थविराकडून ऐकले आहे, तर त्याचे लगेच अभिनंदन करू नये आणि धिक्कारही करू नये. त्यातील पदे व व्यंजने नीट ध्यानात घ्यावीत, ती सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावीत आणि मगच ते वचन स्वीकारावे किंवा सोडून द्यावे, असा तेथे आदेश आहे. पद आणि व्यंजन ताडून पाहणे हे बौद्ध अध्ययनाचे अगदी आरंभापासूनचे काम आहे.

हे काम करण्याची साधने मात्र काळानुसार बदलत गेली. प्रथम ती भाणकांची स्मृती होती, पुढे तालपत्रे आली, नंतर छापील ग्रंथ आले. लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीने १९५२ पासून तिपिटकाची पदसूची खंडशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली १९५६ ते १९६१ या काळात नालंदाहून देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड निघाले. त्यानंतर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९५४-५६ च्या रंगून येथील छट्ठसंगायनाचा पाठ देवनागरीत छापला आणि १९९० च्या दशकात तो संगणकीय तबकडीवरही उपलब्ध करून दिला. आज सामान्य वाचकाच्याही घरी तिपिटक, अट्ठकथा आणि टीका एका लहानशा यंत्रात मावतात. एखादा शब्द शोधण्यास पूर्वी महिने लागत; आता निमिषही पुरत नाही.

या सोयीमुळे एक नवी जबाबदारी आपल्यावर येऊन पडली आहे. व्याख्यानांत आणि लेखांत हल्ली ‘हा शब्द तिपिटकात कोठेच नाही’ किंवा ‘हा शब्द तिपिटकात इतक्या वेळा आला आहे’ अशी विधाने मोठ्या आत्मविश्वासाने केली जातात. त्यांचा आधार बहुधा संगणकाने दिलेले उत्तर हाच असतो. ते उत्तर कोणत्या प्रश्नाला दिलेले आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. संगणकाला प्रश्न विचारण्याची जी रीत आहे, तिला अक्षरांचा नमुना जुळविणे असे म्हणता येईल. त्या रीतीची ओळख पालिच्या अभ्यासकांना करून द्यावी आणि ती कोठे फसते हे दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कवठे येमाई येथील एक प्रसंग

प्रारंभ माझ्याच एका चुकीने करतो. वर्षावासात शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनास जाण्याचा योग आला होता. वाचन संपल्यावर एका वृद्ध श्रोत्यांनी विचारले, “सर, आमच्या गावाच्या नावात कवठ आहे. तथागतांच्या ग्रंथात कवठाचे नाव येते का?” प्रश्न साधा होता आणि मला उत्तर देण्याचा उत्साहही होता. मराठी ‘कवठ’ हा शब्द संस्कृत ‘कपित्थ’ या शब्दापासून प्राकृत ‘कविट्ठ’ या मार्गाने आलेला आहे. पालित ‘कपित्थ’ हेच रूप चालते. कोशांत त्याशेजारी ‘कपिट्ठ’ असेही रूप दिलेले आढळते. मी सोबतच्या संगणकात ‘कपित्थ’ ही अक्षरे शोधण्यास दिली. उत्तर आले ते संयुत्तनिकायातील बोज्झङ्गसंयुत्ताचे. तेथे महावृक्षांची यादी आहे : अश्वत्थ, वड, उंबर इत्यादी. मी आनंदाने सांगून टाकले, की तथागतांनी ज्या महावृक्षांची नावे घेतली त्यांत तुमचा कवठही आहे. मंडळींना समाधान वाटले.

घरी आल्यावर छापील ग्रंथ उघडला आणि दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे त्या स्थळी ‘कपित्थ’ नव्हे, ‘कपित्थन’ असा शब्द आहे. तो कोशात निराळ्या झाडाचे नाव म्हणून नोंदलेला आहे. केवळ अक्षरसाम्यावरून तो कवठ ठरत नाही. माझी आज्ञावली जुळलेली अक्षरे तेवढी दाखवीत होती, त्यामुळे पुढचा ‘न’ मला दिसलाच नाही. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. त्या सुत्तात हे वृक्ष गौरवाने आलेले नाहीत. इवल्याशा बीजातून वाढून दुसऱ्या झाडांना वेढणारे, त्यांना मोडून पाडणारे वृक्ष म्हणून ते आले आहेत. कामतृष्णा आणि पाच नीवरणे यांच्या विवेचनात त्यांची उपमा दिलेली आहे. मला स्थळ सापडले होते. मी ते वाचले नव्हते.

अक्षरमाळ आणि नमुना

संगणकाच्या दृष्टीने कोणताही पाठ म्हणजे एकापुढे एक ओवलेल्या चिन्हांची माळ होय. संगणकाच्या परिभाषेत तिला स्ट्रिंग म्हणतात; आपण अक्षरमाळ म्हणू. या माळेत शोधावयाची दुसरी लहान माळ म्हणजे नमुना. नमुन्यात साधी अक्षरे असतील तर संगणक मोठ्या माळेच्या पहिल्या चिन्हापासून आरंभ करून प्रत्येक जागी नमुना ठेवून पाहतो आणि जेथे चिन्हे जुळतात तेथे थांबतो. अर्थाशी त्याचा काहीही संबंध नसतो. ‘धम्म’ हा नमुना दिला तर ‘धम्मो’, ‘धम्मं’, ‘धम्मिक’, ‘सद्धम्म’, ‘अभिधम्म’ ही सर्व रूपे जुळतात आणि ‘अधम्म’ हेही जुळते. ‘धम्म’ शब्दाची संख्या म्हणून कोणी हा आकडा सांगितला तर त्यात धम्म आणि अधम्म यांची एकत्र मोजदाद झालेली असते.

निव्वळ अक्षरांचा नमुना असा ढोबळ असतो, म्हणून नमुन्यात काही खुणांची भर घातली गेली. त्यामागील गणिती विचार अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लिनी यांनी १९५० च्या दशकात मांडला. १९६८ मध्ये केन टॉम्प्सन यांनी तो प्रत्यक्ष पाठशोधासाठी वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९८७ मध्ये आलेली पर्ल आणि १९९१ मध्ये आलेली पायथन यांसारख्या आज्ञाभाषांनी ही सोय सामान्य अभ्यासकाच्या हाती दिली. अशा भाषेत चार-पाच ओळींची आज्ञावली लिहिली की संपूर्ण निकाय चाळता येतो. अशा खुणांनी युक्त नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन असे नाव आहे.

गावांच्या नावांवरूनच या खुणा समजून घेऊ. महाराष्ट्रात ‘कवठे’ नावाची अनेक गावे आहेत. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई तर आहेच, शिवाय सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ, कवठे एकंद, कवठे पिरान अशी गावे आहेत. ‘कवठे’ एवढाच नमुना दिला तर ही सर्व गावे, शिवाय कवठेकर आडनावाची सर्व माणसे एकदम समोर येतात. नमुना सैल झाला. ‘कवठे येमाई’ असा नमुना दिला तर हेच गाव ‘कवठे यमाई’ किंवा जोडून ‘कवठेयेमाई’ असे जेथे लिहिले असेल ती स्थळे निसटतात. नमुना घट्ट झाला. या दोहोंच्या मध्ये असा नमुना लिहिता येतो :

कवठे ?(येमाई|यमाई)

येथे ‘कवठे’ नंतर रिकामी जागा आहे आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ असा, की त्याच्या लगेच आधीचे चिन्ह असेल किंवा नसेल. कंसातील उभी रेघ विकल्प दाखविते : हे किंवा ते. याच जातीच्या आणखी काही खुणा अभ्यासकाने जाणून घ्याव्यात. बिंदू म्हणजे कोणतेही एक चिन्ह. तारा म्हणजे आधीचे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा. अधिकचिन्ह म्हणजे निदान एकदा. चौकोनी कंस म्हणजे आतील चिन्हांपैकी कोणतेही एक. आणि त्या कंसाच्या आरंभी टोपीसारखी खूण ^ असेल तर आतील चिन्हांखेरीज कोणतेही एक. कवठे येमाईच्या वाचनात मी ‘कपित्थ[^न]’ असा नमुना दिला असता, तर ‘कपित्थ’ नंतर ‘न’ येणारी स्थळे आपोआप वगळली गेली असती. एका चिन्हाच्या आळसाने मी एका झाडाचे दुसरे झाड केले.

पालि वैयाकरणांच्या वाचकाला ही रीत फार परकी वाटू नये. निग्गहीतानंतर वर्गीय व्यंजन आले असता निग्गहीताच्या जागी त्या वर्गाचे अंत्य अनुनासिक विकल्पाने येते, असा नियम कच्चायनाच्या व्याकरणात आहे. मोजक्या शब्दांत असंख्य रूपे बांधणारे असे सूत्र आणि वरचा नमुना यांची प्रकृती एकच आहे. सूत्रातला ‘वा’ म्हणजे नमुन्यातली उभी रेघ.

लिपीने घातलेले कोडे

देवनागरीत शोध घेताना पहिली अडचण मात्रांची येते. आपण ‘बु’ हे एक अक्षर मानतो. संगणकात मात्र ‘ब’ हे एक चिन्ह आणि उकार हे दुसरे चिन्ह असते. जोडाक्षरातील पायमोडीचे चिन्ह, ज्याला आपण हलन्त म्हणतो, तेही स्वतंत्र असते. म्हणून ‘ब.द्ध’ हा नमुना ‘बुद्ध’ शी जुळतो, कारण बिंदूच्या जागी उकार बसतो. पण ‘बद्ध’ शी जुळत नाही, कारण तेथे ‘ब’ आणि ‘द’ यांच्या मध्ये काहीच नाही. बद्ध आणि बुद्ध यांच्यातील अंतर संगणकाच्या लेखी एका चिन्हाचे आहे.

दुसरी अडचण शब्दाच्या सीमेची आहे आणि ती अधिक घातक आहे. नमुन्यांच्या भाषेत ‘येथे शब्द सुरू होतो किंवा संपतो’ असे सांगण्याची एक खूण आहे : उलटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढे रोमन लिपीतील बी. त्याचप्रमाणे ‘शब्दात येऊ शकणारे कोणतेही चिन्ह’ असे सांगण्यासाठी उलट्या तिरप्या रेघेपुढे रोमन डब्ल्यू लिहितात. रोमन लिपीत या खुणा चोख काम देतात. पायथन भाषेच्या मूळ संचात मात्र देवनागरी मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शब्दात येणारी चिन्हे मानलेले नाही. परिणामी ‘बुद्धो’ या शब्दातून शब्दचिन्हांचे गट काढावयास सांगितले तर ‘ब’, ‘द’ आणि ‘ध’ असे तीन तुकडे हाती येतात. प्रत्येक मात्रेपाशी आणि प्रत्येक हलन्तापाशी यंत्राला शब्द संपल्यासारखे वाटते. ‘धम्म’ च्या दोन्ही बाजूंना सीमेची खूण लावून शोध घेतला, तर केवळ ‘धम्म’ हा सुटा शब्द मिळावा अशी आपली अपेक्षा असते. मिळतात मात्र ‘धम्मो’, ‘धम्मं’, ‘धम्मेन’ हे सर्व, कारण ‘म’ नंतरची मात्रा हीच यंत्राच्या लेखी सीमा ठरते. पर्लमध्ये मात्रा शब्दातच धरली जाते. पायथनमध्येही मूळ संचाऐवजी ‘रेजेक्स’ नावाचा निराळा संच जोडून घेतला तर हा दोष राहत नाही. एकाच नमुन्याने दोन यंत्रांवर दोन आकडे दिले, तर दोष तिपिटकाच्या पाठाचा नसून येथे आहे, हे ओळखावे.

काही अभ्यासक यावर असा उपाय करतात, की युनिकोड संकेतातील देवनागरीच्या पहिल्या स्थानापासून शेवटच्या स्थानापर्यंतची सर्व चिन्हे चौकोनी कंसात घालून त्यांना शब्दचिन्हे मानावयाचे. ही १२८ स्थाने आहेत. उपाय चांगला आहे. पण दंड आणि दुहेरी दंड हीही त्याच १२८ स्थानांत बसविलेली आहेत हे विसरू नये. ती वगळली नाहीत तर वाक्याचा शेवटचा शब्द दंडासह उचलला जातो आणि ‘होति’ व दंड चिकटलेला ‘होति’ असे दोन शब्द मोजले जातात.

याच ठिकाणी आणखी एक सूचना करणे आवश्यक आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी संगणकावर जुळविलेले पुष्कळ मराठी व पालि साहित्य अशा टंकांत आहे, की डोळ्यांना ते देवनागरी दिसते, पण संगणकाच्या आत रोमन चिन्हेच साठविलेली असतात. अशा पाठात देवनागरी नमुना कधीही जुळणार नाही. आपल्या संस्थांच्या जुन्या अंकांत शोध घेताना हे प्रथम तपासावे आणि पाठ युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

एक शब्द, अनेक वर्णरचना

आता मुख्य अडचणीकडे वळू. मराठी वाचक ‘संघ’ लिहितो. छट्ठसंगायनाच्या देवनागरी पाठात ‘सङ्घ’ असे छापलेले आहे. डोळ्यांना हे एकाच शब्दाचे दोन पेहराव वाटतात. यंत्राला मात्र पहिल्यात स, अनुस्वार, घ अशी तीन चिन्हे दिसतात आणि दुसऱ्यात स, ङ, हलन्त, घ अशी चार. मराठी सवयीने ‘संघ’ टंकलिखित करून त्या पाठात शोध घेणाऱ्यास ‘सापडले नाही’ असे उत्तर मिळते. त्रिरत्नांपैकी एक रत्न तिपिटकात नाही, असा याचा अर्थ कोणी घेणार नाही. येथे चूक लगेच कळते, कारण शब्द सर्वांच्या ओठी आहे. शब्द अपरिचित असला तर ती कळत नाही. हाच खरा धोका आहे.

‘संबोधि’ व ‘सम्बोधि’, ‘पंच’ व ‘पञ्च’, ‘संखार’ व ‘सङ्खार’ या सर्व जोड्यांना हेच लागू आहे. ‘ब्यञ्जन’ व ‘व्यञ्जन’ यांत तर ब आणि व यांचाही भेद आहे. ळ आणि ल यांचेही तसेच. विनयपिटकाच्या एका ग्रंथाचे नाव नालंदा आवृत्तीत ‘चुल्लवग्ग’ आहे, छट्ठसंगायन आवृत्तीत ते ‘चूळवग्ग’ आहे, आणि इतरत्र ‘चूलवग्ग’ असेही लिहिलेले दिसते. अशा वेळी विकल्पाची उभी रेघ कामास येते :

(संघ|सङ्घ)
(चुल्ल|चूळ|चूल)वग्ग

विभक्तीची रूपे शोधावयाची असल्यास तीही अशीच ओळीने द्यावीत : ‘(धम्मो|धम्मं|धम्मेन|धम्मस्स|धम्मानं|धम्मे)’. येथे ‘धम्मेन’ आधी आणि ‘धम्मे’ नंतर लिहिले आहे, ते हेतुपुरस्सर. विकल्प डावीकडून उजवीकडे तपासले जातात आणि जो प्रथम जुळेल तो घेतला जातो. ‘धम्मे’ आधी लिहिले असते, तर ‘धम्मेन’ या रूपातूनही ‘धम्मे’ एवढाच भाग उचलला गेला असता आणि सप्तमीची संख्या तृतीयेच्या जोरावर फुगली असती. म्हणून लांब रूप नेहमी आधी लिहावे.

संधीचाही विचार हवा. ‘तं च’ याचे ‘तञ्च’ होते. मग ‘तं’ या नमुन्याला तेथे स्थानच राहत नाही. संवादाच्या शेवटी येणारा ‘ति’ मागच्या शब्दाला जोडलेला असतो आणि छापील पाठात त्या दोहोंच्या मध्ये अवतरणचिन्हही असते. ‘धम्मो’ नंतर रिकामी जागा असलीच पाहिजे असा नमुना लिहिला, तर बोलण्याच्या शेवटी आलेले सर्व ‘धम्मो’ वगळले जातात. पाठ ओळींत तुटलेला असेल तर दोन शब्दांचा समूह एका ओळीच्या शेवटी व दुसरीच्या आरंभी विभागला जातो. साधी रिकामी जागा देऊन तो जुळत नाही. शिवाय बिंदू सामान्यतः ओळ ओलांडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तारा या खुणेचा एक स्वभाव येथेच सांगतो. ती हावरी आहे. परिच्छेदातील पहिले वाक्य मिळावे म्हणून ‘^.*।’ असा नमुना दिला, तर ती पहिल्या दंडापाशी न थांबता त्या ओळीतील शेवटच्या दंडापर्यंत जाते. कंसाबाहेर आरंभी असलेली टोपीची खूण ‘येथून प्रारंभ’ असे सांगते. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून ‘^.*?।’ असे लिहिले म्हणजे ती अल्पेच्छ होते आणि पहिल्या दंडापाशीच थांबते. एकच प्रश्नचिन्ह अक्षरापुढे आले तर विकल्प दाखविते आणि ताऱ्यापुढे आले तर संयम शिकविते.

पेय्याल : जे छापलेलेच नाही

आतापर्यंतच्या अडचणी नमुना सुधारून दूर करता येतात. एक अडचण मात्र नमुन्याच्या पलीकडची आहे आणि पालि वाङ्मयाच्या घडणीतूनच ती आलेली आहे.

सुत्तांत ठरीव परिच्छेद पुनःपुन्हा येतात. पाठांतराच्या परंपरेत पुनरुक्ती हा दोष नव्हता. तो स्मृतीचा आधार होता. लेखनात आणि मुद्रणात मात्र असे परिच्छेद संक्षेपाने दिले जातात. पहिल्या स्थळी पूर्ण पाठ असतो, पुढच्या स्थळी आरंभीचे दोन शब्द, मग ‘पे॰’ ही खूण आणि शेवटचे दोन शब्द. यालाच पेय्याल म्हणतात. वाचणाऱ्याने मधला पाठ मनाने भरून काढावा अशी अपेक्षा असते. माणूस तो भरून काढतो. यंत्र काढत नाही.

समजा, चार ध्यानांच्या वर्णनातील एखादा शब्द आपण मोजावयास घेतला. ज्या सुत्तात चारही ध्यानांचे वर्णन पूर्ण दिले आहे तेथे तो सापडेल. ज्या सुत्तात पहिल्या ध्यानाचा आरंभ देऊन पुढे ‘पे॰’ लिहिले आहे तेथे तो सापडणार नाही. पठणात तो शब्द तेथे आहेच, कागदावर नाही. त्यात संक्षेप कोठे करावा हे संपादकांनी ठरविलेले असते आणि निरनिराळ्या आवृत्त्यांत ते निरनिराळे असते. म्हणून एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांत एकाच शब्दाची संख्या वेगळी येऊ शकते आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. ते मुद्रणाचे आकडे आहेत, बुद्धवचनाचे नव्हेत. ‘तथागतांनी अमुक शब्द तमुक शब्दाहून अधिक वेळा उच्चारला, म्हणून तोच त्यांना अधिक महत्त्वाचा होता’, असे अनुमान या आकड्यांवरून काढणे युक्त नाही.

पेय्यालाची स्थळे निदान ओळखता यावीत, यासाठी ‘पे॰’ याच खुणेचा नमुना करून शोध घ्यावा. येथेही सावधगिरी हवी. ‘पे’ नंतरचे लहान वर्तुळ हे देवनागरीचे स्वतंत्र संक्षेपचिन्ह आहे. काही टंकलेखक त्याऐवजी शून्य देतात, काही पूर्णविरामाचा ठिपका देतात. तिन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात. ठिपका शोधावयाचा असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते; एरवी तो ‘कोणतेही एक चिन्ह’ असाच समजला जातो. आपण शोधत असलेल्या शब्दाचा ठरीव परिच्छेद कोणता हे आधी ठरवून, त्या परिच्छेदाच्या आरंभीच्या शब्दांनंतर ‘पे॰’ कोठे कोठे आला आहे याची यादी करावी. ही यादी आणि प्रत्यक्ष सापडलेल्या स्थळांची यादी, या दोन्ही मिळून उत्तर पूर्ण होते.

अभ्यासकासाठी काही नियम

वरील विवेचनावरून कामाची एक शिस्त ठरविता येते. कोणत्याही शोधाआधी, जे पाठात आहेच हे आपल्याला ठाऊक आहे अशा शब्दाने नमुन्याची परीक्षा घ्यावी. ‘सङ्घ’ सापडत नसेल तर आपल्या साधनातच दोष आहे हे कळते. शब्दाची सर्व संभाव्य वर्णरचना कागदावर लिहून काढावी आणि मगच नमुना बांधावा. जुळलेला तुकडा तेवढा न पाहता त्याच्या मागचे-पुढचे निदान एक वाक्य दाखविणारी आज्ञावली लिहावी. पायथनमध्ये ‘सर्च’ ही आज्ञा पहिले स्थळ देऊन थांबते आणि ‘फाइंडऑल’ ही सर्व स्थळे देते. कोणती वापरली हे विसरू नये. आपल्या संगणकात कोणते ग्रंथ आहेत आणि कोणते नाहीत याची नोंद ठेवावी. आणि निष्कर्ष छापताना आकड्यासोबत आवृत्तीचे नाव व वापरलेला नमुना हेही छापावे. दुसऱ्या अभ्यासकाला तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहता आला पाहिजे. नमुना न सांगता दिलेला आकडा म्हणजे स्थळ न सांगता दिलेले वचन होय.

हा आग्रह काहींना किरकोळ वाटेल. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून आणि ग्रंथापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या हाती आज मूळ पाठ आला आहे, हे विसरून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अपार व्यापातही पालि व्याकरण आणि पालि शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. ते साहित्य महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. दुसऱ्याने सांगितले म्हणून न मानता मूळ शब्दापर्यंत स्वतः जावे, ही त्या परिश्रमामागील दृष्टी होती. यंत्राने सांगितले म्हणून मानणे हेही दुसऱ्याने सांगितले म्हणून मानणेच आहे. यंत्राने पदे आणि व्यंजने समोर आणून ठेवावीत; ती सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहण्याचे काम आपल्याकडेच राहते.

कवठे येमाईच्या त्या वाचनाला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि प्रारंभीच आपली चूक सांगितली. बोज्झङ्गसंयुत्तातील झाडाचे नाव निराळे आहे आणि तेथील उपमा वाचून न पाहता मी ती गौरवाची म्हणून सांगितली होती, हे स्पष्ट केले. मग वेस्सन्तर जातक उघडले. राजपुत्र वेस्सन्तर ज्या अरण्यात राहिला त्याच्या वर्णनात आंबा, फणस, जांभूळ या झाडांच्या पंगतीत कपित्थ आहे, म्हणजेच कवठ आहे. या वेळी शब्दाच्या आधीचे आणि नंतरचे सारे वर्णन वाचून दाखविले. ज्या वृद्ध श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता त्यांनी ग्रंथ हाती घेतला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि ‘कपित्था’ हा शब्द अक्षर अक्षर लावून स्वतः वाचला.